नागपुरात हिवाळ्याची नवी बाग: आधी काय, मग काय आणि कुठे चुकतं

डिसेंबर लागला, स्वेटर बाहेर निघाले की लोकांना बागेची आठवण येते. मग एका रविवारी नर्सरीतून फुलकोबी, टमाटरची रोपं आणि दोन-चार शेवंतीच्या कुंड्या येतात, सगळं त्याच दिवशी लावून मोकळे. जानेवारीत विचारणा सुरू होते की रोपं वाढूनच नाही राहिली, जशी लावली तशीच उभी आहेत, काय टाकू? काहीच टाकू नका, उशीर झालाय एवढंच. गार मातीत मुळं फार हळू पसरतात, नवीन लावलेलं रोप तिथंच अडकून बसतं, आणि ते जोर धरेपर्यंत फेब्रुवारीचा शेवट येतो, ऊन तापायला लागतं.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण १२-१३ अंशांच्या आसपास असतं, लाट आली तर ८-९ पर्यंत उतरतं, २९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ पर्यंत गेलं होतं. दिवसा मात्र २८ च्या आसपास. भाज्यांना हे हवामान एकदम मानवतं, पण ते जेमतेम तीन महिने टिकतं. त्यामुळे हिशोब असा धरा: माती आणि रोपांसाठीचं बी सप्टेंबरात, वाफ्यात पेरणी-लागवड ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, डिसेंबरात फक्त राखण आणि तोडणी, पालेभाजी तेवढी थोडी-थोडी पुढंही पेरता येते. तारीख सणावर धरू नका, पोळा कधी ऑगस्टात येतो कधी सप्टेंबरात, दिवाळीही वीस-पंचवीस दिवस मागंपुढं होते. कॅलेंडरचा महिना बघा.

खाली सगळं प्लॉटवर, म्हणजे जमिनीत बाग करणाऱ्यांसाठी लिहिलंय. टेरेसवाल्यांसाठी जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगितलंय.

१. जागा ठरवा, पण सप्टेंबरचं ऊन बघून नाही

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात आणि शेवटपर्यंत त्यांना कळत नाही की का फसलो.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणून २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांवरच असतो. म्हणजे भिंत जेवढी उंच तेवढीच लांब तिची दुपारची सावली, आणि ती पडते उत्तरेकडे. तुमचं घर २० फूट उंच असेल तर डिसेंबरात उत्तरेकडची २० फूट जागा दुपारीसुद्धा सावलीत. सप्टेंबरच्या शेवटी त्याच घराची दुपारची सावली फक्त सात-आठ फूट असते, त्यामुळे तेव्हा जी जागा उन्हात लखलखीत दिसते तीच डिसेंबरात ओलसर, गार होऊन जाते. सकाळ-संध्याकाळची सावली तर याहून कितीतरी लांब.

म्हणून टेप घ्या, घराची, कंपाउंडची, शेजारच्या बिल्डिंगची उंची अंदाजे मोजा, आणि तेवढंच अंतर उत्तरेकडे जमिनीवर चुन्यानं आखून टाका. आखलेल्या भागात फळभाज्या लावायच्याच नाहीत. टमाटर, वांगी, मिरची, वाटाणा, फुलकोबी यांना किमान सहा तास ऊन पाहिजे. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) यांचं चार तासांत भागतं. घराचं तोंड उत्तरेला असेल आणि पुढंच अंगण असेल तर पालेभाज्यांवर समाधान माना, किंवा फळभाज्या टेरेसवर न्या. टेरेसवरही दक्षिणेकडच्या पॅरापेटला (कठड्याच्या भिंतीला) आतून चिकटून कुंड्या मांडू नका, साडेतीन फुटी भिंत कुंडीतलं छोटं रोप अख्खा दिवस झाकते.

मोठ्या कडुनिंबाच्या, आंब्याच्या बुंध्यापासून आठ-दहा फूट तरी दूर राहा, नाहीतर तुमचं सगळं खत-पाणी ती झाडंच पिऊन जातात.

*तपासा:* पाण्याचा नळ तिथून किती लांब आहे? रोज बादल्या वाहाव्या लागणार असतील तर पंधरा दिवसांत उत्साह संपतो. पाइप पोचेल अशीच जागा घ्या.

२. माती: इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया

नवीन लेआउटमधल्या प्लॉटवर बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात. वर मुरूम नाहीतर बांधकामाचा मलबा, आणि खाली चिकट काळी माती. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, मनीष नगर, कुठंही खोदा, थोड्याफार फरकानं हेच निघतं.

आधी सब्बल (पहार), टिकास (कुदळ) घेऊन एक ते दीड फूट खोदा आणि विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्स, प्लास्टरचा चुरा सगळं वेचून बाहेर काढा. कंटाळवाणं आहे, पण सिमेंट-चुन्यानं माती अजून अल्कधर्मी होते, आणि आपली काळी माती मुळातच त्या बाजूला झुकलेली असते. अशा मातीत लोह असून मुळांना मिळत नाही, मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. मुरुमाचा थर जाड असेल तर तो काढून चांगली माती भरून घ्या, मुरुमावर चार इंच माती पसरून बाग होत नाही.

मग निचरा बघा. एक फूट खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही साचून असेल तर उंच वाफ्याशिवाय पर्याय नाही.

आता वाळूचं. चिकट माती भुसभुशीत करायला लोक ट्रॉलीभर रेती टाकतात. नका टाकू. थोडी रेती आणि भरपूर चिकणमाती एकत्र वाळली की विटेसारखा टणक गोळा होतो. काळ्या मातीला सैल करतं ते कुजलेलं खत, पालापाचोळ्याचं कंपोस्ट, गांडूळखत. जिप्समही कोणी सांगितलं म्हणून टाकू नका, ते खारवट-चोपण जमिनीचं औषध आहे, शासनाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेचा रिपोर्ट तसं म्हणत असेल तरच.

खत किती? तीन फूट बाय दहा फुटाच्या एका वाफ्याला पहिल्या वर्षी तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड. वरच्या आठ-नऊ इंचात मिसळून घ्या, खोल पुरून ठेवू नका.

*सावधान:* ताजं शेण अजिबात नको. त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, वाळवी लागते, कुजताना गरम होऊन कोवळी मुळं जळतात. खत हातात घेऊन बघा, गार लागलं पाहिजे, भुरभुरीत पाहिजे, वास मातीचा यायला पाहिजे शेणाचा नाही. आत हात घातल्यावर ऊब लागत असेल तर अजून महिनाभर राहू द्या.

आणि खोदायचं कधी? वाफशावर, म्हणजे माती ओलसर असते पण चिकट नसते तेव्हा. काळी माती ओली असताना फावडं घातलं तर अशी ढेकळं होतात की वाळल्यावर हातोडीनं फोडावी लागतात, पूर्ण वाळली असेल तर टिकास उसळून वर येते. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. पडून फुटला तर वाफसा आहे, कामाला लागा. चपटा होऊन बसला तर दोन दिवस थांबा. सप्टेंबरात पाऊस मधून मधून असतोच, म्हणून अशी चार-पाच दिवसांची उघडीप मिळाली की ती सोडू नका.

३. वाफे

रुंदी तीन फूट, त्याहून जास्त नाही, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. एकदा तयार केलेल्या वाफ्यावर पाय द्यायचा नाही, काळी माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही. उंची सहा इंच, निचरा खराब असेल तर नऊ. मधली वाट दीड फूट. कडेला विटा लावल्या तर छान दिसतं पण गरज नाही, उतार देऊन थोपटलेली कड हिवाळाभर टिकते.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि उंच वाढणारं सगळं, म्हणजे टमाटर, वाटाणा, वालाच्या शेंगा, उत्तरेच्या कडेला. उलटं केलं तर हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात हीच झाडं बाकीच्यांवर सावली धरतात.

टेरेसवर: कुंडीत नुसती काळी माती भरू नका, पाणी धरून बसते आणि वजनही फार होतं. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पालेभाजीला सहा-आठ इंच खोली चालते, टमाटर-वांग्याला बारा इंच पाहिजेच.

४. पहिलं तण मुद्दाम उगवू द्या

वाफे झाले की लोक लगेच बी टाकतात, आणि मग मेथी आणि गवत एकत्रच उगवतं, कोणतं काय तेच कळत नाही. त्यापेक्षा वाफे तयार करून एकदा पाणी द्या आणि दहा-बारा दिवस सोडा. जे तण यायचं ते येईल. मग खुरप्यानं वरच्या वर, अर्धा-एक इंच, खरवडून टाका. खोल खोदू नका, नाहीतर खालचं बी वर येऊन परत सुरू. लव्हाळा आणि हराळी यांना मात्र हा उपाय लागू नाही. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीची मुळं खोदतानाच हातानं वेचावी लागतात, तुकडा राहिला की परत फुटतो.

५. बी: कोणतं जागेवर, कोणतं रोप करून

हिवाळ्याची सगळी भाजी एका दिवशी पेरायची नसते, क्रम असतो.

*आधी रोपं.* फुलकोबी, पत्ताकोबी, टमाटर, वांगी, मिरची यांची रोपं करावी लागतात आणि त्याला चार-पाच आठवडे जातात. म्हणजे बी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पडलं पाहिजे. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत भरा, बी पाव-अर्धा इंच खोल, पावसाचा मार लागणार नाही पण ऊन मिळेल अशा जागी ठेवा. पाणी जास्त झालं की रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात, त्यावर नंतर उपाय नसतो, म्हणून पेरणीच्या आधीच बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, पावडर मिळते) चोळा आणि वरचा थर थोडा सुकल्याशिवाय परत पाणी देऊ नका.

फुलकोबीत वाण बघणं फार महत्त्वाचं. तिची वाणं तापमानाला बांधलेली असतात. पुसा दीपालीसारखं लवकरचं वाण उशिरा लावलं तर सुपारीएवढा गड्डा धरून थांबतं, आणि स्नोबॉल गटातलं थंडीचं वाण लवकर लावलं तर नुसती पानंच पानं येतात. कॉटन मार्केटकडे बियाणं घ्यायला गेलात तर पाकीट उलटून पेरणीचा महिना आणि पॅकिंगची तारीख वाचा, "फुलकोबी द्या" एवढंच सांगून येऊ नका. मुळ्याचंही तसंच, पुसा चेतकी उन्हाळ-पावसाळ्याचं, हिवाळ्याला पुसा हिमानी.

*मग जागेवर पेरायचं.* मुळा, पालक, मेथी ऑक्टोबरच्या मध्यापासून. सांभार आणि वाटाणा मात्र ऑक्टोबरच्या शेवटी, दुपारचा उकाडा उतरला की, कारण गरम मातीत सांभार नीट उगवत नाही आणि वाटाण्याला मर रोग लागून रोपं वाळतात. वाटाण्याला नोव्हेंबरचा मध्य ही शेवटची तारीख समजा, त्यानंतर पेरला तर फुलं ऐन ऊन तापताना येतात आणि शेंगा भरत नाहीत. अर्केल वाण घ्या, लवकर येतं.

सांभाराचे दाणे चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून डाळीसारखे दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. अख्खे टाकले तरी उगवतात, पण विरळ आणि उशिरा. वाटाणा आठ तास भिजवून दीड-दोन इंच खोल, चार इंचांवर एक, आणि पेरतानाच बाजूला तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या (तुरीच्या, कापसाच्या वाळक्या काड्या) खोचून द्या, नंतर खोचल्या तर मुळं तुटतात.

गाजराला सगळ्यात जास्त जपावं लागतं. रोप करून लावलं की गाजर वाकडं होतं, जागेवरच पेरायचं. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि तेवढ्यात आपल्या काळ्या मातीवर पाणी दिलं की पपडी धरते, ती नाजूक कोंबाला फोडता येत नाही, आणि लोक म्हणतात बी खराब निघालं. बी टाकल्यावर वरून माती नकोच, चाळलेलं गांडूळखत किंवा कोकोपीट पाव इंच पसरा, वर ओलं पोतं अंथरा. सहाव्या दिवसापासून रोज पोतं उचलून बघा, पहिले कोंब दिसले त्याच संध्याकाळी काढून टाका, एक दिवस उशीर झाला तर कोंब पोत्यात अडकून येतात. कोंब बोटभर झाले की दोन इंचांवर एक ठेवून बाकीचे उपटा. जिवावर येतं, पण उपटलं नाही तर एकही गाजर धड होत नाही.

*तपासा:* मेथी, पालक, सांभार अख्ख्या वाफ्यात एकदम पेरलं का? चुकलं. वाफ्याचे तीन-चार भाग करा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक पेरा. मेथी महिनाभरात तयार होते, सगळी एकदम आली की निम्मी जून होते.

६. रोपं वाफ्यात लावणं

रोपाला चार-पाच पानं आली, काडी पेन्सिलीच्या निम्मी जाड झाली की तयार. लावायच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करा आणि रोपं पूर्ण उन्हात ठेवा, त्यानं ती काटक होतात. लावायची संध्याकाळी, ऑक्टोबरच्या दुपारी लावलेलं रोप मान टाकतंच. फुलकोबी दीड फुटावर, टमाटर दोन फुटांवर. पहिल्यांदा वाफा रिकामा-रिकामा दिसतो म्हणून मध्ये अजून रोपं कोंबू नका, मोकळ्या जागेत मुळा किंवा पालक टाका, कोबी पसरायच्या आधी तो निघून जातो.

टमाटर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे नेऊ नका. रात्रीचं तापमान १३ च्या खाली गेलं की फुलं धरत नाहीत, गळून जातात. लवकर लावलेलं झाड थंडीच्या आधीच फळं धरून बसतं, उशिराचं फेब्रुवारीची वाट बघत राहतं.

फुलझाडांचंही हेच वेळापत्रक, पिटुनिया, फ्लॉक्स, झेंडू सगळ्यांची रोपं ऑक्टोबरात तयार पाहिजेत. शेवंतीबद्दल एकच सांगतो: तिला कळ्या यायला लांब रात्र लागते, आणि रात्र म्हणजे खरोखरचा अंधार. गेटच्या लाइटखाली किंवा स्ट्रीट लाइटच्या उजेडात ठेवलेली शेवंती हिरवीगार राहते आणि फुलतच नाही. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवा, खत बदलत बसू नका.

७. पाणी

थंडीत बागा पाण्यावाचून कमी आणि पाण्यानं जास्त मरतात. वरची माती सुकलेली दिसते, आत दोन इंचांवर ओल असते. बोट घाला, ओलसर लागलं तर आज पाणी नाही. काळ्या मातीत डिसेंबरात चार-पाच दिवसांनी एकदा पुरतं, कुंड्यांना दोन दिवसांनी.

पाणी सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान, बुडाशी. संध्याकाळी पाइपनं पानांवर फवारा मारत बसायची सवय असेल तर सोडा, रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे टमाटरवर करपा, पानं डाग पडून वाळण्याचा रोग.

पानं पिवळी दिसली की लगेच युरिया टाकू नका, आधी बघा पिवळं कुठं आहे. खालची जुनी पानं असतील तर नत्र कमी आहे. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, बहुतेक पाणी जास्त झालंय. पाणी तोडा, खुरप्यानं माती हलवून हवा द्या, आठवड्यात फरक नाही पडला तर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला अडीच ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. आणि टमाटरची पानं खालून जांभळी दिसत असतील तर माती गार असल्यानं स्फुरद उचललं जात नाहीये, ऊन वाढलं की आपोआप जातं.

८. लाटेच्या रात्री

तापमान ८ च्या खाली जाणार अशी बातमी असेल तर टमाटर, वांगी, मिरची, वालाच्या शेंगा यांना झाका. कोबी, वाटाणा, पालक, मेथी, गाजर यांना काही होत नाही, उलट गाजराला गोडी येते.

१. त्या दिवशी दुपारी वाफ्याला हलकं पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरते आणि रात्रभर सोडत राहते. बुडाशी पाणी सकाळी द्यायचा नियम फक्त या दिवसापुरता मोडायचा.
२. ऊन उतरायच्या आधीच चार काठ्यांवर जुनी सुती चादर नाहीतर साडी ताणून बांधा. बाजूंनी जमिनीपर्यंत येऊ द्या, नाहीतर ऊब बाहेर निघून जाते.
३. सकाळी आठ-साडेआठला काढा.

*सावधान:* प्लास्टिक पानांना टेकलं तर जिथं टेकतं तिथंच पान काळं पडतं. आणि झाकलेलं प्लास्टिक दुपारपर्यंत राहिलं तर आत रोपं अक्षरशः उकडतात, आपली दुपार हिवाळ्यातही कडकच असते.

पान करपलंच तर लगेच छाटू नका. आठवडाभर थांबा, कुठून फुटवा येतो ते दिसू द्या, मग वाळकं काढा.

९. मावा, अळ्या

दोन-तीन दिवस ढगाळ राहिलं की मावा (रस शोषणारे बारीक किडे) आलाच समजा, कोबीवर, मुळ्यावर, वालावर. पानाची खालची बाजू उलटून बघायची सवय ठेवा, वरून काही दिसत नाही. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेनं उडवा, सकाळीच. जास्त असेल तर नीम तेल लिटरला पाच मिली, आधी थोड्या साबणाच्या पाण्यात नीट घोळून मग बाकीचं पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि फवारणी पाण्याचीच होते. संध्याकाळी फवारा, आठवड्यानं परत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर फवारू नका, ते मावाच खातात.

कोबीची पानं जाळीदार झाली तर अळी आहे, सकाळी हातानं वेचा. घरच्या दहा-वीस झाडांना यापेक्षा मोठं औषध लागत नाही. जे आपण आठवड्यात खाणार आहोत त्यावर दुकानदारानं हातात ठेवलेलं जहाल कीटकनाशक मारू नका, पोरंसोरं त्याच वाफ्यातला वाटाणा तोडून तिथंच उभ्यानं खातात.

वाटाण्यावर पीठ टाकल्यासारखी पांढरी भुरी जानेवारीच्या शेवटी येते. नुकती दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. शेंगा निम्म्या काढून झाल्या असतील तर सोडून द्या.

१०. फेब्रुवारीत काय

१० फेब्रुवारीनंतर मेथी, पालक, सांभार नव्यानं पेरू नका, बोटभर होऊन तुऱ्यावर जातात. वाटाणा संपला की वेल उपटू नका, जमिनीच्या पातळीवर कापा, मुळांवरच्या गाठीतलं नत्र मातीतच राहू द्या, आणि त्याच जागी भेंडी, गवार, बरबटी (चवळी) टाका. टमाटरला आता परत फुलं धरायला लागतील, त्याला एक मूठ गांडूळखत द्या, बुडाशी वाळक्या पाल्याचा तीन इंच थर पसरा. याच दिवसांत विदर्भात अवकाळी आणि गारा येतात, त्यामुळे हिरवी शेडनेट मार्चची वाट न बघता फेब्रुवारीच्या मध्यालाच आणून ठेवा, बांधायच्या काठ्या तर वाफ्यावर चादरीसाठी रोवलेल्या आहेतच.